कर्डे ते केडगांव : शुद्ध लेखनाची एक हकीकत

बहुतेक प्रत्येक घरांत शुद्ध भाषेचा कैवार घेणारें एक तरी माणूस असतें. लग्नपत्रिका हातीं आली कीं कार्य कोणाकडचें आणि मुहूर्त कोणता हें पाहण्याच्या आधीं, 'आशीर्वाद' या शब्दांतील 'शी' दीर्घ पडला आहे कीं ऱ्हस्व, इकडे त्याची दृष्टि जाते. दुकानावरची पाटी, स्थानकावरची सूचना, देवळाच्या भिंतीवरचें दानपत्र, यांतील चुका त्याला भातांतल्या खड्यासारख्या लागतात. परगांवीं शिकणाऱ्या मुलाचें पत्र आलें तर त्याची खुशाली वाचून होण्यापूर्वीं तांबडी पेन्सिल हातांत येते. घरचीं माणसें त्याला हंसतात आणि मनांतून थोडीं भितातही. त्याला स्वतःला मात्र आपण एक फार जुनें व्रत पाळीत आहों असें वाटत असतें.

हें व्रत तो समजतो तितकें जुनें नाहीं. मराठी भाषा शेंकडों वर्षें लिहिली जात आहे. परंतु वेलांटीवरून शेजाऱ्याला टोंकणारा माणूस फार तर दोनशें वर्षांपूर्वींचा. त्याच्या आधीं कारकुनापासून कारभाऱ्यापर्यंत सर्वांचा रोजचा व्यवहार मोडींत चाले, आणि मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच पाळला जात नसे. इकाराला एक खूण, उकाराला एक खूण. अनुस्वार द्यावासा वाटला तर द्यावा, न दिला तरी वाचणाऱ्याचें अडत नसे. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती. ओळीची रेघ आधीं मारून घ्यावयाची आणि तिच्याखालीं अक्षरें न थांबतां लोंबत न्यावयाचीं. पेशव्यांच्या दप्तरांतील कागदांवर आजचा एखादा परीक्षक बसला, तर फडणिसांसकट सर्वांना नापास करील. त्या कागदांवर राज्यें चाललीं हें त्याला सांगावें लागेल.

भीमा नदीच्या एका अंगास शिरूर तालुका आणि दुसऱ्या अंगास दौंड तालुका. या दोन गांवांच्या नांवांतच वरील गोष्टीचा पुरावा आहे. 'शिरूर' या शब्दाचें शेवटचें अक्षर अकारान्त, म्हणून त्याच्या आधींचा उकार दीर्घ. पण प्रत्यय लागला कीं तोच उकार ऱ्हस्व होतो आणि आपण 'शिरुरास' असें लिहितों. नियम सुरेख आहे. मोडी लिहिणाऱ्या शिरूरच्या कुळकर्ण्याला तो माहीत असण्याचें कारण नव्हतें. त्याची उकाराची खूण दोन्ही ठिकाणीं एकच. पुढें इंग्रजांची छावणी शिरुरास पडली. त्यांनीं आपल्या कागदांत गांवाचें नांव कधीं 'सिरूर' तर कधीं 'सेरूर' असें लिहिलें, आणि आगगाडी आल्यावर दौंडाच्या फलकावर 'धोंड' हें नांव चढविलें. गंमत अशी कीं, ज्या लोकांच्या जिभेला शिरूर व दौंड हीं दोन नांवें धड उच्चारतां येत नव्हतीं, त्यांच्याच देशबांधवांनीं मराठीला व्याकरण आणि कोश दिले.

तो इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. पोर्तुगीज भाषेंत लिहिलेलें मराठीचें एक व्याकरण १७७८ सालीं रोम शहरीं छापलें गेलें. विल्यम कॅरी यानें बंगालमध्यें सेरामपूर येथें १८०५ सालीं दुसरें छापलें. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं निघालें, आणि मराठी मुलाला मराठींतून मराठीचे नियम प्रथम तेथें भेटले. मेजर टॉमस कँडी या गृहस्थानें १८५० सालीं विरामचिन्हांवर पुस्तक काढून स्वल्पविराम, अर्धविराम व पूर्णविराम आपल्या लेखनांत आणून बसविले. हें सर्व बाळबोध लिपींत व खिळ्यांच्या छापखान्यांत झालें. छापलेलें अक्षर हजार घरीं एकाच रूपांत जातें. तेव्हां तें रूप कोणतें असावें याचा निकाल कोणीतरी लावावाच लागतो. आणि निकाल लागला कीं तो न पाळणारा चुकला असें ठरतें. आपला तांबड्या पेन्सिलीचा गृहस्थ येथें जन्मास आला.

पुण्यामुंबईकडे हें चाललें असतां शिरूर-दौंडाकडच्या रयतेच्या वांट्यास लेखनाचा जो अनुभव आला तो अगदीं निराळा होता.

शिरूर तालुक्यांत कर्डे नांवाचें गांव आहे. १८७४ च्या डिसेंबर महिन्यांत तेथील बाबासाहेब देशमुख यांच्यावर काळूराम नांवाच्या सावकारानें दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळविला आणि त्यांचें राहतें घर पाडावयास घेतलें. घराची किंमत देण्याच्या रकमेहून पुष्कळ अधिक होती. गांवानें सावकारावर बहिष्कार घातला. त्याचें शेत कोणी करीना, त्याच्या घरीं कोणी पाणी भरीना, न्हावी त्याची हजामत करीना. हें लोण आसपासच्या गांवांत पसरत गेलें, आणि १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें भर बाजाराच्या दिवशीं त्याचा भडका उडाला. सुपें आज बारामती तालुक्यांत मोडतें. त्या वेळीं तें भीमथडी तालुक्यांत होतें. आजचा दौंड तालुका त्याच भीमथडींतला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत नमूद झालेली हकीकत ती हीच, आणि तिची मुख्य भूमि भीमेच्या दोन तीरांवरचीं व नगर जिल्ह्यांतलीं गांवें.

या दंग्यांत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, बहुतेक गांवीं जमावाची मागणी एकच असे : कर्जरोखे बाहेर काढा. रोखे हातीं आले कीं ते फाडले जात किंवा जाळले जात, आणि जमाव परत फिरे. ज्यानें रोखे मुकाट्यानें दिले त्याच्या अंगाला फारसा कोणी हात लावला नाहीं. म्हणजे रयतेचा राग माणसापेक्षां कागदावर अधिक होता. तो कागद तिला वाचतां येत नव्हता. मोडीची न थांबणारी ओळ, तिच्यांत कोठें आकडा, कोठें मुदत, कोठें व्याजाचा दर. आणि तळाशीं कुणब्यानें केलेली निशाणी, म्हणजे नांगराचें चित्र. 'निशाणी नांगर' एवढीच त्याची सही. स्त्रीच्या नांवापुढें बांगडी. गहाण म्हणून तोंडी ठरलेला व्यवहार कागदावर विक्री म्हणून उतरला, चुकतें केलेलें देणें रोख्यावर तसेंच राहिलें, अशा तक्रारी सरकारनें नेमलेल्या चौकशी-मंडळापुढें आल्या. सारे सावकार लबाड होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. सरकारी सारा, घसरलेले धान्याचे भाव आणि कडक दिवाणी कायदा यांचाही त्यांत मोठा वांटा होता. परंतु लिहिणारा एक आणि बांधला जाणारा दुसरा अशी स्थिति असली म्हणजे वाक्याचा कर्ता कोण व कर्म कोण, हें ठरविण्याचा अधिकार लेखणी धरणाऱ्याकडे राहतो.

१८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत गांवोगांवच्या व्यवहारांसाठीं रजिस्ट्रार नेमण्यांत आले. शेतकऱ्याचा रोखा त्यांच्या समक्ष लिहिला जावा आणि त्यांतील मजकूर त्याला समजावून सांगितला जावा, अशी तजवीज झाली. कायद्यानें रयतेचें कर्ज कितपत हटलें याविषयीं अर्थशास्त्रज्ञ वाद घालीत आले आहेत. येथें त्यांतली एकच गोष्ट कामाची : वाचतां न येणाऱ्या माणसाच्या बाजूनें कोणीतरी तो मजकूर वाचला पाहिजे, हें प्रथमच लेखी कबूल झालें.

कर्डे गांवीं ही ठिणगी पडली त्याच सुमारास, १८७४ च्या आगेमागें, दक्षिणेंत मद्रास इलाख्याकडे एक विद्वान् ब्राह्मण कुटुंब दुष्काळांत अन्नावांचून मरत होतें. अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई व थोरली कन्या थोड्या दिवसांच्या अंतरानें गेलीं. मागें उरलीं एक मुलगा आणि एक सोळा वर्षांची मुलगी. ती मुलगी म्हणजे पुढें पंडिता रमाबाई या नांवानें प्रसिद्धीस आलेली बाई. आणि आपल्या विषयाचा पुढचा भाग तिच्याबरोबर दौंड तालुक्यांत येऊन पोंचतो.

अनंतशास्त्र्यांनीं आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें होतें. त्याबद्दल समाजाचा रोष झाला, तेव्हां त्यांनीं शास्त्राधार काढून आपली बाजू पंडितांपुढें मांडली, आणि पुढें वनांत जाऊन आश्रम थाटला. रमाबाईंचा जन्म तेथलाच, १८५८ चा. मुलीला शिकविलें तें आईनें. पहाटे उठवून, तोंडी, पुस्तक हातीं न देतां. भागवताचे हजारों श्लोक त्या मुलीला पाठ होते. संस्कृत अशा रीतीनें शिकलेल्या माणसाला व्याकरण हें पुस्तकाच्या शेवटीं जोडलेलें परिशिष्ट वाटत नाहीं. बोलण्याबरोबरच तें अंगीं येतें. भावासह हजारों मैल पायीं हिंडत ती १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचली, तेव्हां तेथील विद्वानांनीं तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे : विवाह, दोन वर्षांच्या आंत वैधव्य, १८८२ सालीं पुण्यास आगमन, हंटर कमिशनपुढील साक्ष, १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, १८८९ सालीं मुंबईस शारदासदनाची स्थापना, मग सदन पुण्यास आणणें, आणि १८९३ च्या सुमारास त्यावरून पुण्यांत उठलेलें वादळ. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे.

पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारें पस्तीस मैलांवर केडगांव आहे. हा मार्गही १८५८ सालींच सुरू झाला, हा एक योगायोग. तेथें रमाबाईंनीं जमीन घेतली होती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां त्या स्वतः मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों निराश्रित मुली घेऊन आल्या. पुण्यांत प्लेग होता. मुलींना केडगांवच्या माळावर तंबूंत व झोंपड्यांत ठेवावें लागलें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतल्या मुली आल्या, आणि 'मुक्ति' या नांवाच्या त्या वसतींतील माणसांचा आकडा दोन हजारांच्या घरांत गेला. आईबाप, घर, गांव, सर्व गमावून या मुली आल्या होत्या. तेथें विणकाम होतें, गुरें होतीं, तेलाचा घाणा होता, शेती होती. आणि छापखाना होता. त्यांत खिळे जुळविण्यापासून पुस्तकें बांधण्यापर्यंत कामें स्त्रियांच्या हातून होत.

छापखान्यांत मराठीचे खिळे जुळविणें हें काम काय आहे, याची कल्पना आज संगणकावर लिहिणाऱ्याला येणें कठीण. मराठी केसेंत इंग्रजीच्या कैक पटींनीं घरें असतात, कारण जोडाक्षरें निराळीं, अर्धीं अक्षरें निराळीं. खिळ्यावरचें अक्षर उलटें असतें. त्यांत अनुस्वाराचा बिंदु म्हणजे सर्वांत बारीक वस्तु. तो झिजतो, गळतो, आणि जुळाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याची आठवणही होत नाहीं. त्या काळच्या लेखनपद्धतींत तर या बिंदूवर पुष्कळ अवलंबून असे. 'ते आले' म्हणजे पुरुष आले. 'तें आलें' म्हणजे मूल आलें. 'केली' म्हणजे एक गोष्ट, 'केलीं' म्हणजे अनेक कामें. 'त्याने' असें लिहिलें तर शाळेंत छडी बसे, 'त्यानें' पाहिजे. अशा प्रकारें लिंग, वचन व विभक्ति हीं तिन्ही त्या टिंबांत सांठविलेलीं होतीं. खिळे जुळविणाऱ्या मुलीला तो बिंदु कोठें द्यावा हें समजण्यास वाक्याचें व्याकरण समजावें लागे.

आतां या मुली कोठल्या हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांतली अडचण दिसते. मध्यप्रांतांतून आलेल्या पुष्कळ मुली हिंदी बोलणाऱ्या. हिंदींत नपुंसकलिंग नाहीं, 'घर' पुल्लिंगी. मराठींत आल्याबरोबर घर नपुंसकलिंगी झालें, आणि त्याच्यामागोमाग त्याचें विशेषण व क्रियापद दोन्ही बदललीं. गुजराथी मुलीला ही गोष्ट सोपी गेली असली पाहिजे, कारण गुजराथींतही तीन लिंगें आहेत, घर तेथेंही नपुंसकलिंगी आहे, आणि 'सारुं घर' म्हणतांना शेवटीं नाकांतला स्वर येतो तो आपल्या 'चांगलें घर' यांतल्या अनुस्वाराचाच भाऊ. दुष्काळांतून उचलून आणलेल्या दोन पोरक्या मुली एकाच केसेपुढें उभ्या आहेत, एकीला मराठीचा बिंदु ओळखीचा व दुसरीला परका. एवढें चित्र जरी डोळ्यांपुढें आणलें तरी तुलनात्मक व्याकरणाचा एक धडा होतो. असो. १९६२ सालीं मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनानें मान्य केले आणि उच्चारांत न येणारे असे हे बिंदु लेखनांतून गेले. लोकांना, घरांमध्यें अशा अनेकवचनी रूपांत ते राहिले. शिवाय पात्राच्या तोंडच्या 'असं', 'केलं' अशा बोलीच्या रूपांवरही ते राहिले. शिरूर-दौंडाकडचा शेतकरी 'घर चांगलं हाय' म्हणतो, त्याच्या बोलण्यांत तो बिंदु छापील रूपानें अजून दिसतो, आणि शिकलेल्याच्या 'चांगले घर' मधून मात्र तो नाहींसा झाला. कैवाऱ्यांना हें फारसें कोणी सांगत नाहीं.

रमाबाईंनीं या छापखान्यावर जें मुख्य काम घेतलें तें संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराचें. भाषांतरें पूर्वीं झालीं होतीं. कॅरीनें नवा करार १८११ सालीं सेरामपुरास काढला, मुंबईच्या अमेरिकन मिशननें १८२६ सालीं आपला काढला, आणि पुढें त्यांत वारंवार सुधारणा झाल्या. अमेरिकन मिशनचें ठाणें शिरुरासही होतें. तेथल्या शाळांतून व सभांतून हीच मराठी ऐकूं येई. पण 'मिशनरी मराठी' हा शब्द एव्हांना पुण्यांत थट्टेचा होऊन बसला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून निबंधमाला चालविली, तींत परकी वळणाच्या मराठीचा त्यांनीं जो समाचार घेतला तो त्या पिढीच्या वाचकांच्या तोंडांत बसला. चूक कोणाची हें पाहिलें तर दोष दुहेरी होता. साहेब वाक्याची बांधणी आपल्या भाषेची घाली, आणि त्याच्या पदरचा शास्त्री त्या बांधणीवर संस्कृत शब्दांची झूल चढवी. दोघांच्या मध्यें मराठी बोलणारी बाई कोठेंच नव्हती.

रमाबाई शास्त्र्याची मुलगी होत्या. संस्कृत शब्दाचें त्यांना भय नव्हतें; उलट त्याच्या पोटांत काय काय दडलेलें असतें तें त्यांना साहेबापेक्षां फार अधिक कळत होतें. म्हणूनच त्यांनीं तो टाळण्याचें ठरविलें. एक तर तो खेड्यांतल्या बाईला समजत नाहीं. दुसरें, तो आपल्याबरोबर वेदान्ताचा किंवा पुराणाचा निराळाच अर्थ घेऊन येतो. मूळ ग्रंथ जसा आहे तसा कळावा म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला, आणि इंग्रजीवर न विसंबतां त्या मुळावरून लिहूं लागल्या. हिब्रूचें व्याकरणही त्यांनीं मराठींत लिहिलें. केडगांवच्या माळावर दुष्काळांतल्या मुलींच्या गलबल्यांत बसून हिब्रू क्रियापदें चालविणारी ही बाई, इतका विलक्षण देखावा त्या काळच्या महाराष्ट्रांत दुसरा नसेल.

या कामांत व्याकरणाचे प्रश्न पावलोपावलीं आडवे येणारच. हिब्रू भाषेंत दोनच लिंगें, मराठींत तीन. मूळांत पुल्लिंगी असलेली वस्तु मराठींत कोणत्या लिंगांत घालावयाची, हें प्रत्येक वेळीं ठरवावें लागतें. हिब्रू कथनांत क्रियापद बहुधा प्रथम येतें. मराठींत तें शेवटीं बसतें. पण कांहीं ठिकाणीं मराठी अशी उपयोगी पडते कीं इंग्रजीला तेथें हात टेंकावे लागतात. हिब्रूंत 'तूं' हा शब्द पुरुषाला निराळा, स्त्रीला निराळा. क्रियापदही तसेंच बदलतें. इंग्रजींत हा भेद पुसला जातो. आपल्याकडे 'तूं आलास' आणि 'तूं आलीस' असें म्हणतांच समोर पुरुष आहे कीं स्त्री तें कळतें. इंग्रजीवरून उतरविणारा भाषांतरकार हें संदर्भावरून ताडील. मुळावरून उतरविणाऱ्याला तें अक्षरांत लिहिलेलें सांपडतें.

हें काम १९०४-०५ च्या सुमारास सुरू झालें आणि सुमारें अठरा वर्षें चाललें. १९०४ हें वर्ष या विषयांत दुसऱ्याही कारणानें ध्यानांत राहण्यासारखें आहे. त्या वर्षीं मराठी लेखनपद्धतींत फेरफार करण्याच्या सूचनांवर लोकमान्य टिळकांनीं केसरींत अग्रलेख लिहिले. उच्चार बदलला म्हणून लेखन बदलत जावें, हें मत त्यांना मान्य नव्हतें. उच्चार गांवोगांव निराळा, लेखन सर्वांचें एक असावें, अशी त्यांची भूमिका. शारदासदनाच्या वादांत एकमेकांसमोर उभीं ठाकलेलीं हीं दोन माणसें पस्तीस मैलांच्या अंतरावर एकाच वेळीं मराठीच्या शुद्धतेचा विचार करीत होतीं. एकाच्या डोळ्यांपुढें सबंध महाराष्ट्रांत एकसारखी वाचली जाणारी छापील ओळ होती, आणि दुसरीच्या डोळ्यांपुढें ती ओळ वाचणारी, काल अक्षरओळख झालेली मुलगी. एकाला दुसऱ्याचें काम ठाऊक असतें तर आवडलें असतें असें नाहीं.

रमाबाईंच्या भाषांतराची स्तुति पुष्कळ झाली आहे. तिच्याबरोबर एक दोषही सांगितला पाहिजे. मुळाचा एकही शब्द वगळावयाचा नाहीं व पदरचा एकही घालावयाचा नाहीं, या हट्टापायीं वाक्यें पुष्कळ ठिकाणीं आंखडलीं. शब्द घरगुती, पण त्यांची मांडणी मुळाच्या दोरीनें ओढलेली. तेव्हां सोप्या शब्दांचें अवघड वाक्य तयार होतें. जी मराठी खेड्यांतल्या बाईसाठीं लिहावयाची होती ती कांहीं ठिकाणीं तिच्याही जिभेवर बसेना. ख्रिस्ती मंडळ्यांत जुनें भाषांतरच चालू राहिलें याचें हें एक कारण. शुद्धतेच्या प्रत्येक भक्ताला केव्हांना केव्हां हा खांचखळगा लागतो : मुळाशीं प्रामाणिक राहावें तर ऐकणाऱ्याची तारांबळ, ऐकणाऱ्याशीं राहावें तर मुळाची ओढाताण. पाणिनीच्या शिस्तींत वाढलेल्या बाईनें पहिली बाजू घेतली, यांत नवल नाहीं.

आणखी एक दुरुस्ती करणें येथें जरूर आहे. संपूर्ण बायबलचें भाषांतर करणारी जगांतील एकमेव स्त्री, असें रमाबाईंचें वर्णन कित्येक ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें बरोबर नाहीं. अमेरिकेंत कनेटिकट संस्थानांतील ज्यूलिया स्मिथ या बाईनें हिब्रू व ग्रीक मुळांवरून केलेलें इंग्रजी भाषांतर १८७६ सालींच छापून निघालें होतें. रमाबाईंचें मोठेपण त्यानें तिळभरही कमी होत नाहीं. स्मिथबाई आपल्या शेतावरच्या घरांत बसून एकट्या लिहीत होत्या. त्यांच्या भोंवतीं दोन हजार तोंडें जेवणाची वाट पाहत बसलेलीं नव्हतीं, आणि त्यांचे खिळे जुळविणारीला आधीं अक्षरें शिकवावीं लागलीं नव्हतीं.

१९२१ च्या जुलै महिन्यांत रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. संस्थेचा भार तिच्यावर टाकून भाषांतर पुरें करावें हा बेत ढांसळला. रमाबाईंचें वय त्रेसष्ट. प्रकृति थकलेली, कान पूर्वींच गेलेले. तरी मुद्रितें तपासण्याचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. शेवटचीं मुद्रितें पुरीं करण्यास दहा दिवस मिळावे अशी त्यांनीं प्रार्थना केली, ते दहा दिवस त्यांना मिळाले, आणि काम संपवून त्या निजल्या त्या उठल्या नाहींत, अशी हकीकत त्यांच्या मंडळींत सांगितली जाते. दिवस होता ५ एप्रिल १९२२.

मुद्रितें तपासून झालीं होतीं; छापणें राहिलें होतें. तें त्याच छापखान्यांत चालू राहिलें. त्या केसेपुढें उभ्या असलेल्या स्त्रियांपैकीं कित्येकींच्या आईबापांनीं सबंध आयुष्यांत निशाणीखेरीज कागदावर दुसरें कांहीं उमटविलें नसेल. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं केडगांवाहून बाहेर पडला.